औषधाच्या खिडकीतून : ‘लक्ष देत जा’ म्हणजे नेमकं काय करू?

प्राण्यांच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीमागे मी सतरा वर्षं उभी आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन घेतली आहेत. पहिल्यावर जरा जास्तच बोलणार आहे, कारण ते माझं दुखरं ठिकाण आहे.

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी मी सहायक म्हणून एका दवाखान्यात लागले. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी एका छोट्या कुत्र्यासाठी ‘.५ गोळी’ लिहिलं होतं. मी ५ वाचलं. गोळ्या मोजता मोजता डबाच संपायला आला तेव्हा शंका आली आणि विचारलं. डॉक्टर म्हणाले, “लक्ष देत जा.” पण मी लक्ष देतच होते! आता काय वेगळं करू?

उत्तर : तू लक्ष देत होतीस, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून तर हा सल्ला मला कधी पटला नाही. चूक त्या उघड्या टिंबाची आहे. टिंबाआधी शून्य हवंच, ०.५ असं. आणि पूर्ण आकड्यामागे टिंब-शून्य नको, कारण ५.० मधलं टिंब पुसट झालं की त्याचे ५० होतात. गोळी असेल तर सरळ अक्षरात ‘अर्धी’ लिहावं. डॉक्टरांना हे सांगताना जीभ अडखळेल, पण सांग. शंका आल्यावर विचारलंस ना, तसंच हेही.

आता माझं ऐक. एका मांजरीची शस्त्रक्रिया झाली होती, वजन ४ किलो. चिठ्ठीवर दुखणं आणि सूज कमी करणारं औषध होतं, ‘मेलॉक्सिकॅम, ०.४ मिली रोज एकदा’. मी कपाटातून मेलॉक्सिकॅमची बाटली काढली, लेबल लिहिलं, चिकटवलं. मग माझ्या सवयीप्रमाणे मालकिणीसमोर सिरिंजमध्ये ०.४ पर्यंत औषध ओढून दाखवलं. त्या बाई बाटलीकडे बघत म्हणाल्या, “अहो, यावर कुत्र्याचं चित्र कसं?”

माझे हात गार पडले. मांजरांच्या बाटलीत एका मिलीत ०.५ मिलिग्रॅम औषध असतं, कुत्र्यांच्या बाटलीत १.५. म्हणजे तेवढ्याच ०.४ मिलीत तिप्पट औषध गेलं असतं, तेही रोज, आणि मांजरीच्या मूत्रपिंडांना हे औषध आधीच जड. नाव मी बरोबर वाचलं होतं. चिठ्ठीवर मात्र नुसते ‘मिली’ होते, ताकद, म्हणजे एका मिलीत किती मिलिग्रॅम, लिहिलेलीच नव्हती. शिवाय दोन्ही बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या, कारण कपाट मीच हौसेने अक्षरांच्या क्रमाने लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांची बाटली दुसऱ्या कपाटात गेली. अक्षरक्रम दिसायला छान, पण सारख्या नावांना तोच शेजारी आणून बसवतो. हायड्रॉक्सिझिन खाजेवरचं आणि हायड्रॅलाझिन रक्तदाब उतरवणारं, तीही अशीच शेजारीण. आणि तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठीवर मिलिग्रॅम, ताकद आणि मिली तिन्ही असल्याशिवाय मी कपाट उघडत नाही. घाई असली तरी नाही.

तुझ्या कामाचं सांगते. एका वेळी एकाच प्राण्याचा ट्रे समोर ठेव. आमच्याकडे एकाच सकाळी दोन ‘ब्राउनी’ आल्या होत्या, एक मांजर आणि एक लॅब्रॅडॉर, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नकोस. मालकाचं आडनाव, प्राणी कोणता आणि आजचं वजन केसपेपरशी ताडून बघ. मग वजनावरून डोसचा हिशोब स्वतः कर. चिठ्ठीतला आकडा आधी झाकून ठेवायचा आणि नंतर जुळतो का बघायचं. बाटलीवरचं नाव आणि ताकद तीनदा वाच : कपाटातून काढताना, औषध भरताना, बाटली परत ठेवताना. तिसरं वाचन सगळे गाळतात, पण माझ्या निम्म्या चुका मला तिथेच सापडल्या.

दुसऱ्याकडून तपासून घेताना ‘हे ०.४च आहे ना?’ असं विचारू नकोस. समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. चिठ्ठी आणि बाटली त्याच्या हातात दे आणि गप्प उभी राहा. एकटी असशील तर दोन मिनिटं दुसरं काही कर, मग परत येऊन पहिल्यापासून वाच. मध्येच फोन वाजला तर वाजू दे.

लेबलवर औषधाचं नाव आणि ताकद, किती, कधी, किती दिवस, तोंडाने की कानात, प्राण्याचं आणि मालकाचं नाव, तारीख. ‘सांगितल्याप्रमाणे’ हा शब्द लेबलवर चालवून घेऊ नकोस. सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

आणि एक वही ठेव. होता होता टळलेल्या चुका तारखेसह लिही, कोणाची ते न लिहिता. माझ्या वहीचं पहिलं पान त्या कुत्र्याच्या चित्राचं आहे.

प्रश्न : कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध उरलं होतं. मांजरीला अर्धंच टाकते म्हटलं, तर खिडकीवरचा मुलगा नाही म्हणाला, कारणही दिलं नाही. वर ‘मांजरीला वजनाला घेऊन या’. ही अडवणूक नाही का?

उत्तर : कारण सांगायला हवं होतं, एवढी तक्रार मान्य. बाकी त्याने केलं ते बरोबरच. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, मांजर दगावू शकतं, अर्ध्या मात्रेतसुद्धा. औषध लावलेला कुत्रा ओला असताना मांजर त्याला बिलगून झोपलं तरी धोका आहे. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुवा, डॉक्टरांना लगेच फोन करा आणि रिकामं पाकीट सोबत न्या. थरथर सुरू झाली असेल तर धूत बसू नका, आधी निघा.

तापासाठी आपण घेतो त्या पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, हेही इथेच सांगून टाकते.

वजनाचं म्हणाल, तर ४ किलोची मांजर आजारात ३.२ वर येते आणि अंगाखांद्यावर घेणाऱ्याला ते कळतही नाही. वजनकाट्यावर पाचवा हिस्सा कमी दिसतो, आणि डोसही तेवढाच कमी करावा लागतो.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला मधुमेह आहे, १० युनिट इन्सुलिन देतो. सिरिंज संपल्या म्हणून औषधाच्या दुकानातून दुसऱ्या आणल्या. चार दिवसांत त्याचं पाणी पिणं एकदम वाढलं. काही संबंध असेल?

उत्तर : असू शकतो. बाटलीवर ‘यू-४०’ आहे का आणि नव्या सिरिंजवर ‘यू-१००’ का, ते आत्ता उठून बघा. यू-४० म्हणजे एका मिलीत ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. यू-४० इन्सुलिनचे १० युनिट म्हणजे ०.२५ मिली. यू-१०० च्या सिरिंजवर १० ची रेघ ०.१ मिलीवर असते. म्हणजे तुम्ही रोज चारच युनिट देत होतात. उलटी अदलाबदल झाली असती तर १० च्या जागी २५ गेले असते आणि साखर उतरून कुत्रा कोसळला असता. यू-४० च्या सिरिंजचं टोपण बहुधा लाल असतं, यू-१०० चं नारिंगी. पण रंगावर विसंबू नका, आकडा वाचा.

राहिलेली भरपाई म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका. डॉक्टरांना आजच फोन करा, आणि फोन करताना बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन बसा.