इतका व्याप असूनही शिक्षक नोकरीत का टिकतात? फक्त पगारासाठी? माझी बहीण सोडायचं म्हणतेय.

पगारासाठीच असतं तर मी पहिल्याच वर्षी सुरत गाठली असती. २००८ साली नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षणसेवक म्हणून लागलो. मानधन महिना ३,०००, तीन वर्षं. नोव्हेंबर २००५ नंतरची नेमणूक, म्हणून जुनी पेन्शनही नाही. उधन्यात साड्यांचं दुकान असलेला मोठा भाऊ दर दिवाळीला म्हणायचा, "सुरतले ये. तठे काय ठेयेल शे?"

तिथे काय होतं ते सांगतो. पोरं पावरी बोलायची, मी अहिराणी, पुस्तक प्रमाण मराठीत. पहिले चार महिने पोरांनीच मला शिकवलं. दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत. चौथीतल्या एका पोराला आजीजवळ ठेवा म्हणून मी त्याच्या बापाच्या घरी तीनदा गेलो. होळीला बाप परतला तो थेट शाळेत, हातात घामाने मऊ पडलेली हिशोबाची वही. "गुरुजी, बघा जरा." मी वही पोराकडे दिली. त्याने फरशीवर खडूने टनाला दराने गुणलं, हातचा विसरला, थुंकी लावून पुसलं, पुन्हा मांडलं, उचल वजा केली. उत्तर मुकादमाच्या आकड्याशी जुळलं. एक रुपयाही वाढला नाही. बाप म्हणाला, "परत कर." तिसऱ्यांदा तो पोराशेजारी उकिडवा बसला आणि खडूमागून बोट फिरवत राहिला. जूनमध्ये त्यानेच पोराला पाचवीला आश्रमशाळेत नेऊन घातलं.

पुरस्कार आणि प्रेरणेच्या भाषणांनी कोणी टिकत नाही. बहिणीला एवढंच विचारा, ती वर्गात थकते की बीएलओचं म्हणजे मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदींनी? वर्गात पाऊलच टाकवत नसेल तर खुशाल सोडू द्या. नोंदींनी थकत असेल तर थांबवा. आणि हे नातेवाइकांत चर्चेला घेऊ नका. त्या हिशोबाच्या वहीची गोष्ट मी भावाला कितीदा सांगितली. दरवेळी त्याचा एकच प्रश्न, "मग त्या माणसाने तुला काय दिलं?" काही दिलं नाही, दादा. द्यायचं नव्हतंच.

एक मात्र खरं. ती तीन वर्षं घर बायकोच्या शिवणयंत्रावर चाललं, आणि आज नियमित वेतन आहे म्हणून मी हे बोलतोय. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी राबणाऱ्याला 'टिकून राहा' म्हणायची माझी हिंमत नाही.