देऊळ तिथं नव्हतं, तरी चित्र खरं होतं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. खडकवासल्याच्या फोटोवरून वादळाआधीचं पाणी रंगवायचंय तर आभाळाला करडा कोणता घ्यावा, आणि फोटोत नसलेलं काही घातलं तर चित्र खोटं ठरतं का. दुसरीवर आधी बोलते, ती मला १९९२ पासून टोचतेय.

तेव्हा मी पुण्यात चित्रकला शिकत होते. मे महिन्यात बॅकवॉटरला लँडस्केप करायला बसले. सिंहगडावर वळवाचे ढग चढलेले, वारा पडलेला, पाणी शिशासारखं. पण समोरचा काठ अगदी बोडका, नजर टेकायला जागाच नाही. मी आजोळचं, भोरकडचं कौलारू देऊळ त्या टेकाडावर आणून बसवलं. सबमिशनला सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हे देऊळ तिथं नाहीच. डोळे उघडे ठेवून काढ." मार्क कापले. मला उत्तर सुचलं नाही, घरी येऊन रडले.

उत्तर पुढे कितीतरी वर्षांनी सापडलं. रशियन निसर्गचित्रकार लेव्हितानचं 'चिरशांतीच्या वर' हे १८९४चं चित्र बघा, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. सरोवर उत्तरेकडच्या त्वेर प्रांतातलं, उदोम्ल्या. कड्यावरचं लाकडी चर्च मात्र शेकडो किलोमीटरवरच्या, व्होल्गाकाठच्या प्ल्योसचं! आधी केलेल्या अभ्यासचित्रातून त्यानं ते उचललं. दोन मीटरहून रुंद कॅनव्हास, त्यात ते चर्च चिमुकलं, खिडकीत मिणमिणता उजेड, मागे वाकड्या क्रुसांची दफनभूमी. ते चर्च झाकून बघा, ढगांचं ओझं निम्म्यानं कमी होतं. मला देऊळ हवं होतं ते याचसाठी. सर, तुम्ही चुकलात.

आता रंग. ट्यूबमधला तयार करडा घेऊ नका, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, ढगाच्या पोटाशी निळा जास्त. क्षितिजाला उजेडाची फट असेल तर दूरचं पाणी तो उजेड घेतं, म्हणून तिथं पाणी ढगांपेक्षा उजळ ठेवा. बहुतेक जण ते काळं करतात.

एक सांगायचं राहिलं. स्पर्धेत 'जागेवरचं चित्रण' अशी अट असेल तर काही हलवू नका. आणि आणलेल्या वस्तूवर उजेड त्याच आभाळाचा पडला पाहिजे. माझ्या देवळाच्या कौलांवर भोरचं ऊन राहिलं होतं, तेवढ्याचे मार्क सरांनी कापले असते तर मी मानलं असतं.