अक्कलकोटच्या जमिनीचं समन्स आलंय, मी पुण्यात राहतो, तिकडचा वकील कसा बघू आणि पहिल्या भेटीला काय नेऊ?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची अक्कलकोट तालुक्यात साडेचार एकर आहे, वडील वारले, आणि आता चुलत्यांनी "वाटणी कधीच झालीय, ही जमीन माझ्या एकट्याची" म्हणून दावा लावलाय. मी सोलापूरचाच, आमच्या घरची अशीच केस सहा वर्षं चालली, त्यात जे भोगलं त्यावरनं सांगतो.

सगळ्यात आधी समन्स कुठल्या दिवशी हातात पडलं ते आजच पाकिटावर पेनानं लिहून ठेवा. तिथनं ३० दिवसांत कैफियत म्हणजे आपलं लेखी म्हणणं द्यायचं असतं. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं, पण त्या भरवशावर अजिबात राहू नका, जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी, गोळा करण्यातच दिवस कसे जातात कळत नाही, आणि कोणी हजरच झालं नाही तर केस एकतर्फी चालते.

मग समन्सवर कोर्ट कुठलं लिहिलंय ते बघा, अक्कलकोटचं का सोलापूरचं. जमिनीचा दावा जमीन जिथं तिथल्याच कोर्टात चालतो, त्यामुळं पुण्यातला मित्र वकील आहे म्हणून त्यालाच दिली असं करू नका, प्रत्येक तारखेला तो येणार नाही आणि आला तर प्रवासखर्च तुमच्याच अंगावर. कोर्ट अक्कलकोटचं असेल तर तिथं रोज उभा राहणारा वकील बघा, सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर आहे, सोलापूरचे नावाजलेले वकीलसाहेब केस कबूल करतात आणि तारखेला ज्युनिअरला पाठवतात.

आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, तिकडं बऱ्याच गावांत घरात कानडी बोलतात. आमचा मुख्य साक्षीदार म्हणजे बांधाशेजारचे एक आजोबा, मराठी नीट बोलायचे पण जुनं काही सांगायला लागले की कानडीत शिरायचे. आमच्या वकिलांना कानडी येत होती म्हणून त्यांनी आजोबांना चहा देऊन अर्धा तास नुसतं बोलू दिलं, आणि तेव्हा कळलं की भाऊ भाऊ सोयीसाठी वेगवेगळं कसत होते, पण 'पालु' म्हणजे हिस्सा कधी पाडलाच नव्हता. वेगळी वहिवाट म्हणजे वाटणी झाली असं होत नाही आणि आमची अख्खी केस ह्याच एका गोष्टीवर उभी राहिली. तुमच्या चुलत्यांचं म्हणणंही वाटणीवरच आहे, म्हणून गावातली भाषा कळणारा वकील असेल तर फार बरं.

वकील शोधायला एक दिवस काढून कोर्टात जाऊन बसा, कोणालाही बसता येतं. जमिनीच्या केसेसमधी कोण स्वतः उभं राहतंय, कोण नुसती तारीख मागतंय, दोन तासांत दिसतं. बाहेर टायपिंगवाले, स्टॅम्पव्हेंडर असतात त्यांनाही विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. वकिलांना जाहिरात करायला, गिऱ्हाईक गाठायला परवानगी नाही, त्यामुळं गेटवरच कोणी हात धरून "या साहेब" म्हणायला लागलं तर तिथनं निघा. "जमीन मिळाली की एवढे टक्के द्या" म्हणणाऱ्याकडनंही निघा, निकालावर किंवा हिश्श्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात बंदीच आहे.

आता पहिली भेट. सातबारा आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा तर न्याच, डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी ह्या सरकारी साईटवर १५ रुपयात मिळतो, पण खरा जीव जुन्या फेरफारांत असतो. आजोबांच्या नावावरनं जमीन कोणाकोणाच्या नावावर कशी गेली, वारस नोंद कधी झाली, त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. नुसत्या फेरफारानं कोणी मालक होत नाही, पण घरात कोणत्या साली काय ठरलं ते त्यातनं कळतं. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला, समन्सबरोबर आलेली दाव्याची प्रत सगळ्या पानांसकट, आणि एका कागदावर वंशावळ, त्यात आत्या आणि बहिणीसुद्धा. त्यांना दाव्यात पक्षकार केलंय का ते वकिलांना आवर्जून विचारा. मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमधी ते अगदी स्पष्ट केलंय, आणि बरेच लोक दावा लावताना मुलींची नावंच गाळतात.

दुसऱ्या एका कागदावर सालवार घडलेलं लिहा, एकच पान. साल, काय झालं, कागद आहे का नाही. तोंडी सांगायला गेलं की आपण चुलता कसा वागला त्यातच अर्धा तास घालवतो, मी घालवला होता.

आणि हे मनापासून सांगतो, आपल्या विरोधातला कागद सगळ्यात वर ठेवा. आमच्या वडिलांनी २००९ मधी काकांकडनं पैसे घेऊन शंभरच्या स्टॅम्पवर "माझा हक्क सोडला" असं लिहून सही केली होती. तो कागद मला ट्रंकेत सापडला होता आणि मी वकिलांना सांगितला नाही, वाटलं काकांकडची प्रत हरवली असंल. कोर्टात काकांनी तोच काढला. त्या दिवशी वकिलांनी फाईल बंद केली, लाल दोरी बांधत बांधत एवढंच म्हणाले, "हा आधी माहीत असता तर मी दाव्यातच ह्याचं उत्तर लिहिलं असतं." उत्तर होतंच, जमिनीचा हक्कसोड नोंदणी केल्याशिवाय चालत नाही आणि तो कागद नोंदवलेलाच नव्हता. पण मी लपवला म्हणून पुढं दावा दुरुस्तीच्या अर्जातच आठ महिने गेले, आणि उलटतपासात आईला त्याच्यावरनं जे प्रश्न विचारले ते मला अजून आठवतात. वकिलाला विश्वासानं सांगितलेलं तो तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगू शकत नाही, कायद्यानंच त्याला बांधलंय. म्हणून सगळं सांगा, कोणी कुठं सही केलीय, कोणी पैसे घेतलेत, सगळं.

फीचं स्पष्ट विचारायला लाजू नका. पूर्ण केसची एकरकमी का टप्प्याटप्प्यानं, टायपिंग-नकला त्यातच का वेगळ्या, मनाई अर्ज, म्हणजे जमिनीत काही करू नका असा हुकूम मागणारा अर्ज, आला तर वेगळी का, आणि तारखेला स्वतः येणार का ज्युनिअर. दिलेल्या पैशाची पावती घ्या, निदान ऑनलाईन पाठवा म्हणजे नोंद राहते. वकीलपत्र, म्हणजे वकिलाला तुमच्या वतीनं उभं राहायचा अधिकार देणारा कागद, वाचून सही करा, कोऱ्या कागदावर कधीच नको. पुढं पटलं नाही तर वकील बदलता येतो, फी थकली म्हणून तुमची फाईल अडवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही, २००० साली सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिलाय. आईच्या किंवा बहिणीच्या नावानं समन्स असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट मिळतो, बाईमाणसाला त्यात उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १५१००.

तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतात, सीएनआर म्हणजे केसचा ओळख नंबर पहिल्याच भेटीत मागून घ्या, म्हणजे "पुढची कधी हो" म्हणून फोन करत बसायला नको. दर तारखेला तुम्हाला यायची गरज नाही, पण साक्ष स्वतःच द्यावी लागंल, मुखत्याराला, म्हणजे तुमच्या वतीनं काम बघणाऱ्या माणसाला, तुमच्या मनातलं सांगता येत नाही.

पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालात तर रात्री सोलापुरात पोचता. वकील कोर्टाच्या आधी सकाळी नाहीतर संध्याकाळी ऑफिसात निवांत भेटतात, फोन करून वेळ घ्या. अक्कलकोटला गुरुवारी मात्र जाऊ नका, स्वामींच्या दर्शनाला एवढी गर्दी असते की एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही. समन्सवरची पुढची तारीख कोणती आहे ते इथं खाली लिहा, आधी काय करायचं ते त्यावरनं सांगतो.