रबराच्या पोटावर सोनोग्राफी शिकून टेक्निशियनचा खऱ्या पेशंटवर हात बसतो का?

बसतो, पण अर्धाच. मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट आहे, ज्युनिअर डॉक्टरांना शिकवतो. तुम्ही ‘टेक्निशियन’ म्हणालात. ब्रिटन-अमेरिकेत सोनोग्राफर, म्हणजे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित टेक्निशियन, स्वतः तपासणी करतात. आपल्याकडे गरोदर बाईची सोनोग्राफी 1994 च्या कायद्यामुळे पात्र डॉक्टरच करू शकतो. शिकणारा वेगळा, कच्चा हात तोच.

सरावाच्या या नकली पोटाला आम्ही फँटम म्हणतो. हुबेहूब कातडी, बेंबी वगैरे बघून लोक हरखतात, पण मशीनला त्याचं काय! मशीन गृहीत धरतं की आवाज शरीरात सेकंदाला 1540 मीटर जातो. साध्या सिलिकॉनमध्ये तो हजाराच्या आसपासच जातो, म्हणून 2 सेंटिमीटरवरची गाठ पडद्यावर 3 सेंटिमीटरवर दिसते. विकतच्या चांगल्या फँटममध्ये हा वेग जुळवलेला असतो, पैसे त्याचेच.

आमचा गरिबाचा फँटम जिलेटिनचा. त्यात इसबगोल घालायचं, नाहीतर पडदा नुसता काळा. लिव्हरसारखा करडा दाणेदारपणा येत नाही. गाठी म्हणून आत द्राक्षं. एका एप्रिलात सकाळीच फ्रिजमधून काढून ठेवला आणि लाइट गेली. दुपारी पोरं जमली तेव्हा ट्रेमध्ये सार! सोलापूरच्या उन्हाळ्यात जिलेटिन कसलं टिकतंय. आता मार्चपासून अगार, म्हणजे चायना ग्रास वापरतो. ते उन्हाला दाद देत नाही, पण ठिसूळ. सुया टोचून टोचून तडे जातात.

आणि खरी कमाई सुईचीच आहे, म्हणजे पडद्यावर बघत गाठीत किंवा शिरेत सुई घालायची. एका हातात प्रोब (अंगावर फिरवायचा मशीनचा दांडू), दुसऱ्या हातात सुई. नवख्याला वाटतं टोक दिसतंय. दिसत असतो मधला दांडा, टोक केव्हाच पुढे गेलेलं. द्राक्ष आरपार झालं तर आम्ही हसतो. मानेतल्या शिरेला मात्र अगदी खेटून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी असते, तिथे हसायची सोय नाही. त्यामुळे द्राक्षावर टोक सतत दिसेपर्यंत मी कुणाला पेशंटजवळ फिरकू देत नाही.

पोटाची तपासणी मात्र फँटमवर शिकून येत नाही. फँटमच्या पोटात गॅस नसतो, त्याला दुखत नाही, तो श्वास घेत नाही. बरगडीआडचं पित्ताशय खाली आणायचं तर पेशंटने श्वास भरून धरायला हवा. आमच्याकडे निम्म्या आज्या तेलुगू नाहीतर कन्नड बोलणाऱ्या. ‘धरा’ म्हटलं की सोडतात. मग मीच गाल फुगवून दाखवतो, त्या हसायला लागतात आणि पित्ताशय पुन्हा वर.