उणे साडेपाच नंबर आणि सर्फिंग: लेन्स, गॉगल की लेझर?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. उणे साडेपाच नंबर, वर सव्वाचा सिलिंड्रिकल (तिरकस दिसण्याचा वेगळा नंबर). गोव्यात मोरजीला सर्फिंग शिकताय, चष्मा काढला की लाट अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि चष्म्याच्या दुकानात सांगितलंय की मंथली, म्हणजे महिनाभर वापरायच्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून बिनधास्त पाण्यात जा. जाता जाता असंही लिहिलंय की गेल्या खेपेपासून उजवा डोळा लाल आहे आणि उजेडात खुपतो. बाकीचं नंतर बघू, आधी त्या डोळ्याबद्दल.

लेन्स आजपासून बंद. पण फेकू नका, डबीसकट सोबत न्या, गरज पडली तर त्यांची लॅबमध्ये तपासणी करता येते. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि शक्यतो कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या तज्ज्ञाकडेच. खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे बोला: ‘मी लेन्स घालून समुद्रात जातो.’ त्यांनी विचारायची वाट बघू नका.

मी डॉक्टर नाही, हे कृपया लक्षात ठेवा. पण या एका बाबतीत मी फार भोगलंय. नोकरीमुळे मंगळूरला असताना मुल्कीजवळ ससिहित्लूला सर्फिंग करायचे. तिथे नंदिनी आणि शांभवी या दोन नद्या समुद्राला मिळतात, त्यामुळे पाऊस सरल्यावरही पाणी बरेच दिवस गढूळ असतं. बाहेर आलं की विहिरीच्या पाण्याच्या टाकीखाली अंघोळ, आणि लेन्स डोळ्यांतच. त्या अंघोळीला कुणीच धोका समजत नाही. पण अकँथअमीबा नावाचा जीव समुद्रात असतो तसाच विहिरीच्या, नळाच्या आणि स्विमिंग पूलच्या पाण्यातही असतो. त्याचं कवच इतकं टणक असतं की क्लोरीनलाही तो दाद देत नाही. लेन्सखाली अडकला आणि बुबुळावर कुठे बारीकसा ओरखडा असला, की तिथून आत शिरतो.

डोळा लाल झाल्यावर मी घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी यंत्रातून एकदा बघितलं, ‘व्हायरल आहे’ म्हणाले आणि स्टिरॉइडचे ड्रॉप्स दिले. लेन्स घालता का, पाण्यात जाता का, एका शब्दाने विचारलं नाही. अमीबाचा हा संसर्ग सुरुवातीला हर्पीस या विषाणूच्या संसर्गासारखाच दिसतो, त्यामुळे चकवा होतो हे मला मान्य आहे. पण म्हणूनच आधी विचारायला हवं. स्टिरॉइडने लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत संसर्ग पसरत राहतो. माझं तेच झालं. चार दिवस बरे गेले आणि मग असा ठणका सुरू झाला की खोलीतला झिरोचा बल्बही सहन होईना. परत गेले तर ड्रॉप्स वाढवून दिले. दुसऱ्या डॉक्टरना दाखवायला कागदपत्रं मागितली तर काउंटरवरून उत्तर आलं, ‘फाइल बाहेर देत नाही.’ त्या फाइलीसाठी मी खेटे घालत राहिले, आणि तोवर ड्रॉप्स चालूच होते. आजही आठवलं की संताप होतो. मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं बंधन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पण कागदांसाठी थांबू नका. ड्रॉप्सच्या बाटल्यांचे फोटो घेऊन थेट दुसरीकडे जा.

मोठ्या हॉस्पिटलमधल्या कॉर्नियाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लेन्स आणि पाण्याचाच. डोळा बधिर करून बुबुळावरून अलगद खरवडून नमुना घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली अमीबाच्या गाठी दिसल्या. मग पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकांचे ड्रॉप्स, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा गजर लावून, आणि पुढे कित्येक महिने. ते साध्या मेडिकलमध्ये मिळालेच नाहीत, हॉस्पिटलच्या फार्मसीत बनवून घ्यावे लागले. डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्या डोळ्याला फिसकटलेले दिसतात. म्हणून कळकळीने सांगते, लेन्सवाल्याचा डोळा लाल झाला आणि दुखतोय, तर नमुना तपासल्याशिवाय स्टिरॉइड घालून घेऊ नका. डॉक्टर कितीही घाईत असले तरी विचारा.

आता पर्याय. माझी मतं ठाम आहेत, तुमच्या डॉक्टरांचं वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

तुम्ही अजून फोमच्या बोर्डवर, किनाऱ्याजवळच्या फेसातच आहात. तेवढ्याला नंबरचे स्विमिंग गॉगल पुरतात. तयार मिळतात, पण त्यांत सहसा सिलिंड्रिकल नसतो. त्याचा निम्मा नंबर मूळ नंबरात मिळवायचा, म्हणजे तुमचा उणे सहाच्या आसपास जातो. अर्धा नंबर कमी घेतलात तरी लाट आणि माणसं नीट दिसतील. काच नको, पॉलिकार्बोनेटच घ्या. पट्टा टोपीखालून घ्या, नाहीतर पहिल्याच आपटीत गॉगल वाहून जातो. आतली बाजू बोटाने पुसू नका, धुकं न धरण्याचा थर निघून जातो. मोठ्या लाटांत मात्र असे कडक गॉगल नकोत, बोर्ड तोंडावर आला तर तेच डोळ्यात रुततात.

लेन्सच हवी असेल तर फक्त डेली, म्हणजे एकदाच घालून फेकायची. टोरिक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरच्या डेलीही मिळतात. पाण्यात पडलात की डोळे मिटायचे आणि वर येताना हात तोंडासमोर धरायचे, बोर्डपासूनही बचाव होतो. बाहेर आल्यावर क्रम महत्त्वाचा: हात साबणाने धुऊन कोरडे करा, लेन्स काढा, फेका आणि मगच अंघोळीला जा. पाण्यात भिजलेली लेन्स कधी कधी डोळ्याला घट्ट चिकटते. ओढू नका. डोळ्यांत घालायचे साधे लुब्रिकंट ड्रॉप्स टाका, लेन्स हलायला लागली की काढा. तरीही धोका शून्य होत नाही. मंथली लेन्स समुद्रात घालायला मी कुणालाच सांगणार नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. रात्री घालून सकाळी काढायच्या, दिवसापुरता नंबर उतरवणाऱ्या ऑर्थोके लेन्सबद्दल लोक विचारतात, पण तुमच्या नंबराला परिणाम पुरेसा मिळेलच असं नाही.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे पण सांगतेच. ऊन आणि वाऱ्याने नाकाकडच्या बाजूने डोळ्यात मांस वाढतं, त्याला वडस म्हणतात. ते बुबुळावर सरकलं की सिलिंड्रिकल नंबरही वाढतो. हनुवटीखाली बांधायची सर्फिंगची टोपी पहिल्या दिवसापासून घाला.

लेझरचा विचार करत असाल तर नंबर वर्षभर स्थिर हवा आणि कॉर्निया पुरेसा जाड हवा. लॅसिक या लेझर ऑपरेशनमध्ये बुबुळावरची पातळ चकती उचलून परत बसवतात, आणि जोराचा मार बसला तर ती वर्षांनंतरही सरकू शकते. सर्फिंग करणाऱ्याने पीआरके किंवा स्माइल या लेझरच्याच दुसऱ्या पद्धतींबद्दल आधी विचारावं, त्यांत ही चकती नसते. पीआरकेमध्ये पहिले काही दिवस दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो, पण माझं मत तिकडेच झुकतं. कॉर्निया पातळ निघाला तर डोळ्याच्या आत बसवायच्या आयसीएल लेन्सचाही पर्याय असतो. मोजमापांआधी टोरिक लेन्स निदान दोन आठवडे बंद ठेवा, सकाळी काढून दुपारी स्कॅन असं कुणी करत असेल तर तिथून उठा. ऑपरेशननंतर महिनाभर तरी पाणी बंद, म्हणून तारीख जूनमधली घ्या. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर तसेही लाल झेंडे लागलेले असतात.