मोरी वाचवायची तर आधी बंदरावर जा

मोरी म्हणजे शार्क; ती वाचवायचं पोस्टर नंतर कर. आधी पहाटे बंदरावर जाऊन मोरीची टोपली नीट बघ. आपल्याकडे भरपूर येते ती चपट्या, टोकदार नाकाची लहान मोरी. तिच्या पोटात नाळेला जोडलेली पिल्लं असतात. बांगडा हजारोंनी अंडी सोडतो. बहुतेक शार्क उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्लं देतात. एकदा घटले की भरून यायला फार वर्षं लागतात, म्हणून तर ही काळजी.

मच्छीमारांशी वाद घालू नकोस, मोरी मुद्दाम पकडणारे थोडेच. व्हेल शार्कला 2001पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. असा संरक्षित जीव चुकून अडकला, जाळं कापून सोडला आणि त्याचे फोटो-व्हिडिओ दिले, तर महाराष्ट्रात जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) हे समजावून सांग, अर्ज भरायला हात दे. खरं काम हेच!

आणि घरातही बोल. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात, पण मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो. त्याऐवजी बांगडा किंवा तारली द्यायला सांग.