एकाच चुकीसाठी मणिपुरी सहकाऱ्याला सस्पेंड केलं, बाकीच्यांना नुसती समज. यात वंशभेद आहे हे सिद्ध कसं करायचं?

असं कुणी कागदावर लिहीत नाही, त्यामुळे त्याची फाईल चाळून काही हाती लागणार नाही. बाकीच्यांची फाईल मागा.

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत आमच्या कारखान्यात रात्रपाळीला तिघं झोपलेले सापडले. दोघं शेजारच्या घणसोलीची पोरं, तिसरा मिझोरामचा. त्याला अख्खं खातं 'नेपाळी' म्हणायचं. दोघांना वॉर्निंग लेटर. याला सस्पेंशन, आणि चार्जशीटमध्ये वर 'उद्धट वर्तन'. चार्जशीटही मराठीत, जे त्याला वाचता येत नव्हतं. युनियनच्या कमिटीत मी म्हटलं, याचा बचाव आपण करायचा. एक जुना सहकारी म्हणाला, "बाहेरचा आहे, आपण कशाला पडायचं?"

मी पडलो. इन्क्वायरीत सुपरवायझरला विचारलं, उद्धट म्हणजे नक्की काय बोलला? "बोलला काही नाही, तोंडच तसं केलं होतं." चौकशी अधिकारी हे लिहून घेईनात. मी कार्यवाहीवर सही करणार नाही म्हटल्यावर जसंच्या तसं लिहिलं. मग त्या दोघांची वॉर्निंग लेटर मागितली. व्यवस्थापनाने दिली नाहीत, तो नकारही नोंदवून घेतला. उद्धटपणाचा आरोप टिकला नाही, पोरगा कामावर आला. मधला पूर्ण पगार मात्र बुडाला, त्याचा राग मला अजून आहे.

पुढे तेच 'उद्धट वर्तन' घणसोलीच्या एका पोराच्या चार्जशीटमध्ये आलं, तेव्हा हाच सहकारी माझ्याकडे त्या कार्यवाहीची प्रत मागायला आला. प्रत दिली. पण बाहेरचा-आतला हा हिशेब कामगाराने करायचा नसतो, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

तुमच्या कामाचं: महाराष्ट्राच्या १९७१ च्या पीयूएलपी कायद्याच्या (अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा) चौथ्या अनुसूचीत बाब ५ आहे, गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं. ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयात तक्रार ९० दिवसांच्या आत करा. सस्पेंशनच्या काळातला निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, पुढे चौकशीला उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. तो सोडू नका. वंशभेदाविरुद्ध वेगळा कायदा शोधत बसू नका. २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर झालेल्या अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर बेझबरुआ समितीने शिफारस केली होती, कायदा झाला नाही.

हे सगळं कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. महापेच्या आयटी कंपनीत तो मॅनेजर असेल तर वकील गाठा. आणि कंत्राटी असेल तर सस्पेंशनही होत नाही, उद्यापासून येऊ नको एवढंच सांगतात. अशा वेळी गेटपास जमा व्हायच्या आधी युनियनचं पत्र मुख्य कंपनीच्या आवक खिडकीवर द्या आणि पोच घ्या.